शिकलेल्याचे देणे

मंडळी, तुम्ही आता वाचू लागलात, सही करू लागलात. आम्हाला आनंद आहे. पण आज एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हाला थोडी लाज वाटते.

आम्ही हेडमास्तर होतो. बाजारच्या दिवशी बँकेत गेलो. दारापाशी एक आजी पैसे काढायची स्लिप हातात धरून उभी होती. तिथे एक तरुण दहा रुपये घेऊन स्लिपा भरून देत होता. आजी म्हणाली, "बाबा, पैसं निघालं की देते." तो म्हणाला, "आधी दहा रुपये ठेवा."

तो आमचाच विद्यार्थी. सुंदर अक्षराचे बक्षीस आम्हीच त्याला दिले होते. त्याला नोकरी नव्हती, हेही खरे. कामाचा मोबदला घेण्यात पाप नाही. पण अडलेल्या म्हातारीला तिष्ठत ठेवायचे? स्लिप आम्ही भरून दिली. रात्री मात्र झोप लागेना. अक्षर शिकवले, मग शिकवायचे राहिले काय?

आता जुनी हकिकत ऐका. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 साली साताऱ्यात वसतिगृह, म्हणजे मुलांनी राहून शिकायचे घर, सुरू केले. तिथे सगळ्या जातींची पोरे एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती! पोरे शेतात राबत आणि शिकत. कमवा आणि शिका, अशी रीतच होती. तरी पैसा पुरत नसे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या वारल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना बघायला मिळाला नाही.

त्या सोन्याची फेड कशी झाली? तिथली कितीतरी मुले शिक्षक झाली, खेड्यापाड्यांतल्या शाळांत गेली. तसल्याच एका गुरुजींच्या हाताखाली आम्ही शिकलो. कच्च्या मुलांना ते संध्याकाळी कंदिलापाशी बसवून शिकवीत. पैसा घेत नसत.

हे आम्ही त्या मुलाला कधी सांगितलेच नाही. धडे घेतले, परीक्षा घेतल्या. पण शाळा कुणाच्या पैशावर चालते, ते सांगायचे राहिले. ती आजी काडेपेटी विकत घेते. त्या किमतीत सरकारचा कर असतो. असल्याच करांतून शाळेचा खर्च चालतो. म्हणजे त्या पोराच्या शिक्षणात आजीचाही पैसा होता.

आजी आता आमच्या रात्रीच्या वर्गाला येते. आकडे लिहिते, अक्षरी रक्कम लिहिताना अडते. शेजारची नववीतली पोर रोज तिच्याजवळ बसते. मागल्या बाजारी दोघी बँकेत गेल्या. स्लिप आजीनेच भरली. वेळ बराच लागला, एक स्लिप फाडावीही लागली. इतक्यात दुसरी एक बाई कोरी स्लिप घेऊन पुढे आली. आजी म्हणाली, "थांब बाय, तुझंबी बघू."