तुमच्या ताटात किती वाढावे, हे कोण ठरवते?

तुम्ही “पुरे” म्हणता, ताटावर आडवा हात धरता, आणि तरीही त्या हाताखालून आणखी एक पोळी ताटात येऊन पडते. नाकारावी तर वाढणारीचे मन दुखावते; टाकावी तर अन्नाचा अवमान होतो. तेव्हा तुम्ही ती खाता. आता विचार करा: ती पोळी तुमच्या भुकेने मागितली होती का?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असावा. अर्थात, आनुवंशिकता व बैठे काम हीही त्याची कारणे आहेत. परंतु ताटातील प्रमाण पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.

वस्तुतः आग्रह करणारे कोणी नसले तरी आपण फसतो. अमेरिकेत डॉ. बार्बरा रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रौढांना निरनिराळ्या दिवशी ५०० ते १,००० ग्रॅम मॅकरोनी खावयास दिली. त्यांचा अहवाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठे प्रमाण समोर असता लोकांनी सुमारे ३० टक्के अधिक खाल्ले. स्वतःच्या हाताने वाढून घेणारेही याला अपवाद नव्हते. निम्म्याहून अधिक लोकांना तर प्रमाण बदलल्याचे जाणवलेही नाही!

मग पुरेसे म्हणजे किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली २,००० कॅलरींच्या आहाराचा नमुना दिला. त्यात दिवसाला सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी किंवा अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाज्या व २७ ग्रॅम तेल-तूप आहे. धान्याचे वजन कच्चे धरावयाचे. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते असे माना. आठ पोळ्यांतच २४० ग्रॅम संपले. मग सकाळचे पोहे आणि दुपारचा भात कोठे बसवणार? तेलाचा हिशेब याहून सोपा आहे. चार प्रौढांच्या घरात महिन्याला तेल-तूप मिळून साडेतीन लिटरच्या आसपास पुरावयास हवे. तुमच्या घरी किती लागते, हे वाण्याच्या बिलावरून आजच पाहा.

तेव्हा आठवडाभर एक करून पाहा. भात वाटीने मोजून वाढा, आणि पातेली जेवणाच्या जागेवर न आणता ओट्यावरच ठेवा. ताटाचा निम्मा भाग आधी भाजी व कोशिंबिरीने भरा. दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी थोडे थांबा; पोट भरल्याची जाणीव काहीशी उशिरा होते. पाहुणे म्हणून गेलात तर ताट एकदम रिकामे करू नका, कारण रिकामे ताट दिसताच डाव पुढे येतो.

गृहिणींनो, पातेल्यात उरलेला भात “टाकायचा कसा” म्हणून तुम्हीच संपवता ना? ते तुमच्या गणतीत येत नाही, शरीराच्या मात्र येते. उद्या मूठभर तांदूळ कमी लावा.

परंतु वाढत्या मुलांचे किंवा गरोदर स्त्रीचे ताट असे कमी करू नये. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर जेवण घटवण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढेच आणि अन्न कमी झाले, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने उतरू शकते.