परसांतील फुलें आणि तण

शहरांतील पुष्कळ घरांना आतां परस उरलेलें नाहीं. परंतु ज्यांच्या घरामागें थोडीशी जरी मोकळी जमीन आहे, त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, तेथें राजवाड्यांतल्यासारखी आंखीव बाग करण्याच्या नादीं लागूं नये. तशा बागेस माळी लागतो. अभ्यास व घरकाम सांभाळून जी बाग होते ती थोडी मोकळ्या स्वभावाचीच असावयाची.

मात्र मोकळी बाग म्हणजे रान नव्हे. ज्येष्ठांत लावलेलें रोप श्रावणांत शोधूनहि सांपडूं नये, अशी दशा पावसाळ्यांत पाहतां पाहतां होते. तण येणारच; कोणतें तण कशाच्या बळावर जगतें हें ओळखलें म्हणजे निम्मे श्रम वांचतात.

टाकळा, माठ हीं बियांच्या बळावर जगणारीं तणें होत. तीं फुलण्यापूर्वीं उपटलीं कीं काम झालें. उपटलेलें तण मुळें वर करून वाफ्यांतच पसरावें; त्यानें माती झांकली जाते व ओल टिकते. टाकळ्याचीं कोवळीं पानें तर कोंकणांत भाजीसाठीं आवडीनें खुडतात, तेव्हां तेथें त्यास तण म्हणावें कीं पीक, हा प्रश्नच आहे!

लव्हाळ्याची गोष्ट निराळी. त्याची तिधारी दांडी हातांत सहज तुटून येते आणि आपणांस वाटतें कीं झाड निघालें. वास्तविक त्याच्या गांठी खालीं मातींत, माळेंतील मण्यांप्रमाणें, बारीक दोऱ्यांनीं जोडलेल्या असतात. माळ अखंड असेपर्यंत त्यांतील पुष्कळ गांठी निजलेल्या राहतात. कुदळीनें ती तोडली कीं त्या निरनिराळ्या फुटूं लागतात. म्हणून घाईनें खणणाऱ्याच्या वाफ्यांत लव्हाळा उलट वाढतो. माती ओली असतां खुरप्यानें खोल उकरून गांठींसह माळ काढावी. याहून सोपा उपाय म्हणजे सावली. ती लव्हाळ्यास मुळींच मानवत नाहीं. झेंडू व तेरडा यांचीं रोपें जवळजवळ लावलीं तर त्यांच्या पानांखालीं तो रोडावतो.

आमच्या मतें अशा बागेची खरी राणी गुलबक्षी. ती दुपार कलल्यावर फुलते, मिऱ्यांसारख्या काळ्या बिया स्वतःच सांडते आणि पुढील पावसाळ्यांत न लावतां उगवते. तेरड्याचें पिकलेलें बोंड बोट लागतांच फुटून बिया दूर उडवितें. हे उदार स्वभाव बरे, परंतु दोन वर्षांत गुलबक्षीच वाफा व्यापूं लागते. तिचीं जास्तीचीं रोपें लहान असतांनाच काढावींत, कारण पुढें तिचें मूळ जाड व खोल होतें. हरळीहि फुलांच्या वाफ्यांत नको. तिच्या प्रत्येक पेरास मुळें फुटतात. दूर्वा हव्या असतील त्यांनीं ती कुंडींत ठेवावी.

गाजरगवतास मात्र कोपराहि देऊं नये. हें मूळचें अमेरिका खंडांतील तण. त्याची पुण्यांत १९५५ सालीं नोंद झाली आणि पुढें तें देशभर पसरलें. एकेक झाड हजारों बिया टाकतें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या अंगास खाज सुटून पुरळ उठतो व परागांनीं दम्याचा त्रास वाढतो. म्हणून पांढरीं फुलें येण्यापूर्वीं, पावसानें माती मऊ असतां, हातमोजे घालून तें मुळासकट उपटावें. दमा असलेल्या मुलांनीं त्या कामास जाऊं नये.

त्याच्या पानांवर पिवळट पाठीचे, काळपट रेघांचे भुंगेरे दिसले तर ते मारूं नयेत. याच तणाचा नाश करण्यासाठीं मेक्सिकोहून आणलेले हे किडे १९८४ सालीं बंगळूर भागांत सोडण्यांत आले होते. पावसाळ्यांत ते पानांची चाळण करतात. पाऊस सरला कीं ते मातींत शिरून निजतात. त्यानंतर उगवलेलें गाजरगवत मात्र आपल्याच हातांनीं काढावें लागतें.