आंतरजाल आणि घरातील लहान मुले

नदीकाठच्या माणसांना एक गोष्ट अनुभवाने कळलेली असते. मुलाला पाण्यापासून जन्मभर दूर ठेवता येत नाही; त्याला पोहावयास शिकवावे लागते. पूर्वी पाठीला वाळलेला भोपळा बांधून मुलाला पाण्यात सोडीत आणि घरातील वडील माणूस जवळच कमरेएवढ्या पाण्यात उभा राही. उतार कोठे, गाळ कोठे, भोवरा कोठे, हे त्या माणसाला ठाऊक असे. म्हणून मुलाची भीती हळूहळू जाई आणि सावधपणा मात्र अंगी मुरे.

धार जिल्ह्याच्या कुक्षी तालुक्यातील निसरपुर हे अशाच नर्मदेच्या परिसरातील गाव. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि जुन्या निसरपुरात पाणी शिरले. धरणाची भिंत दूर गुजरातेत; पाणी मात्र येथल्या उंबरठ्याशी आले. कालपर्यंत जेथे अंगण होते, तेथे आज पाणी किती खोल आहे, हे सांगणे जुन्याजाणत्यांनाही कठीण झाले. लोकांना घरे सोडून नव्या वसाहतीत जावे लागले.

या घटनेनंतर वर्ष उलटण्यापूर्वीच आणखी एक पूर घरोघर शिरला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, शाळा बंद पडल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने मोबाईल लहान मुलांच्या हाती आला. तो परत वडिलांच्या खिशात गेलाच नाही. आंतरजाल हे ते नवे पाणी होय. निसरपुराचे दुःख आणि ही अडचण यांची तुलना आम्हांस करावयाची नाही. परंतु एक साम्य विचार करण्याजोगे आहे. या नव्या पाण्याचीही खोली वडील माणसांना ठाऊक नाही. जो स्वतः कधी उतरला नाही, तो मुलाला उतार कसा दाखविणार?

पुष्कळ पालकांना वाटते की धोका म्हणजे वाईट चित्रे. तो आहेच, परंतु त्याहून मोठा धोका चित्राचा नसून माणसाचा आहे. असे समजा की दहा वर्षांची एक मुलगी मोबाईलवर खेळ खेळत आहे. त्या खेळात इतर खेळाडूंशी बोलण्याची सोय असते. तेथे कोणीतरी स्वतःस बारा वर्षांची मुलगी म्हणवून तिच्याशी मैत्री जोडते. प्रथम खेळातील नाणी भेट देते, मग शाळेचे नाव विचारते, मग म्हणते, "हे आपले गुपित, घरी सांगू नकोस." काही दिवसांनी छायाचित्र मागितले जाते. ते एकदा हाती पडले की मैत्रीचा मुखवटा गळतो आणि धमकी सुरू होते : "आणखी पाठव, नाहीतर हे सर्वांना दाखवीन."

आता ती मुलगी काय करील? घरी सांगितले तर मार बसेल, मोबाईल जाईल, सर्वांदेखत लाज निघेल, असे तिला वाटते. म्हणून ती गप्प बसते. आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. फसविणाऱ्याचे खरे शस्त्र यंत्र नव्हे, मुलाचे मौन होय. आणि ते शस्त्र पुष्कळदा आपणच आपल्या रागाने त्याच्या हाती देतो. मोबाईलला शंभर कुलपे घातली, परंतु मुलाच्या तोंडालाही कुलूप पडले, तर त्या शंभर कुलपांचा उपयोग शून्य.

महाराष्ट्रातील दोन गावांनी या बाबतीत केलेले प्रयत्न येथे नमूद करण्याजोगे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने निराळी वाट धरली. तेथे सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत गावातील मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवले जात. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांस हे पटवून दिले. दोन्ही गावांची तळमळ सारखीच. पण वडगावच्या योजनेत आम्हांस एक विशेष दिसतो. भोंगा मुलांसाठी वाजे तसा आईबापांसाठीही वाजे. वडील स्वतः मोबाईल खाली ठेवतात, हे मुलाने डोळ्यांनी पाहिले म्हणजे नियमाला शिक्षेचे रूप राहत नाही. आणि जो दीड तास मिळतो, त्यात पुस्तक उघडते, तसे मनही उघडते.

कायदाही मुलांच्या बाजूने उभा आहे, हे पालकांनी जाणावे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ चा असून तो अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी या दोघांनाही लागू आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब अन्वये बालकांची अश्लील चित्रे प्रसृत करणे, इतकेच नव्हे तर ती शोधणे व उतरवून घेणे हाही गुन्हा असून पहिल्याच दोषसिद्धीस पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अनेक सामाजिक माध्यमे खाते उघडताना वयाची तेरा वर्षे पूर्ण असावीत असे सांगतात. त्या अटीचे मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यात आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मात्र अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले आहे आणि त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरविली आहे. तेव्हा मुलाचे खोटे वय घालून खाते उघडून देणारे पालक नकळत हा बांध स्वतःच फोडतात.

विद्यार्थिमित्रहो, आता तुमच्याशी दोन शब्द. घरातील धाकटी भावंडे मोबाईल वापरावयास आईबापांपेक्षा तुमच्याकडूनच अधिक शिकतात. त्यांना पुढील गोष्टी शिकवा. आपले पूर्ण नाव, शाळा, घरचा पत्ता आणि गणवेशातील छायाचित्र अनोळखी माणसास देऊ नये. ओटीपी हा घराच्या किल्लीसारखा आहे. तो कोणालाही सांगू नये. जो "घरी सांगू नकोस" म्हणतो, त्याचीच गोष्ट सर्वांत आधी घरी सांगावी. केवळ पडद्यावर भेटलेल्या मित्रास एकट्याने भेटावयास जाऊ नये.

आणि एवढे करूनही चूक घडलीच तर? तर प्रथम मुलास जवळ घ्यावे आणि "सांगितलेस, फार चांगले केलेस" असे म्हणावे. त्यानंतर त्या माणसास उत्तर देऊ नये, पैसे देऊ नयेत आणि संदेश पुसून टाकू नयेत. तोच पुरावा होय. स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत आणि मग ते खाते बंद पाडण्यासाठी तक्रार करावी. पैशाची फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, कारण जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम अडवून धरण्याची शक्यता अधिक. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येते. अशा प्रकरणात दोष फसविणाऱ्याचा असतो, फसलेल्या बालकाचा नव्हे, हे घरातील प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावे.

आंतरजाल वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. खेड्यातील मुलास तेथे जगातील ग्रंथालये उघडी आहेत. पण भोपळा बांधल्याने पोहणे येत नाही. त्याने मूल फक्त तरंगते. पोहणे येते ते जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या विश्वासावर. कुलपे, बंदी, वेळेचे बंधन हा आपला भोपळा होय. तो जरूर बांधावा. परंतु मुलाने घाबरून हाक मारली, तर ती ऐकू येईल इतक्या अंतरावर आपण उभे आहोत की नाही, हे आज रात्री मोबाईल खाली ठेवून प्रत्येक घराने स्वतःस विचारावे.