पशु-उत्पादनाचें शिक्षण : कोणासाठीं व कशासाठीं?

बारावीचा निकाल लागला म्हणजे गांवोगांवीं एकच प्रश्न ऐकूं येतो, "आतां मुलानें पुढें काय करावें?" ज्या घरीं दोन-चार दुभतीं जनावरें आहेत, तेथें बापाच्या मनांत बहुधा एक इच्छा असते. "पोराला गुरांचें शिकवूं. घरचें जनावर आजारी पडलें तर डॉक्टराची वाट पाहावयास नको." असें म्हणून तो मुलास कृषि महाविद्यालयांत घालतो. मुलगा पहिल्या दिवाळीस घरीं येतो, आणि सकाळींच शेजारी पोट फुगलेली गाय घेऊन दारीं उभा राहतो. मुलगा म्हणतो, "काका, मला हिला औषध देतां येणार नाहीं. पशुवैद्यास बोलवा." शेजारी हंसतो, आई ओशाळते, आणि बापास वाटतें कीं आपले पैसे पाण्यांत गेले.

वाचकहो, असा प्रसंग कोणाच्याहि घरीं घडण्यासारखा आहे. ह्यांत दोष मुलाचा नाहीं व महाविद्यालयाचाहि नाहीं. दोन निराळ्या विद्या आपण एकच समजलों, हा दोष आपला. म्हणून कृषि पदवींत पशु-उत्पादन म्हणजे काय शिकवितात, त्याचा घरास उपयोग कोणता, आणि तें कोणी शिकावें, ह्याचा ह्या पाठांत विचार करूं.

१. दोन वाटा

महाराष्ट्रांत ह्या दोन्ही वाटा जुन्या आहेत. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. पुण्यास कृषि महाविद्यालय १९०७ सालीं उभें राहिलें. पहिल्याचें मुख्य काम आजारी जनावर बरें करणें. दुसऱ्याचें मुख्य काम शेत पिकविणें, व शेताचें एक अंग म्हणून जनावराचा अभ्यास करणें. आज परळचें महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखालीं आहे, आणि पुण्याचें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाखालीं.

पशुवैद्यकाची पदवी साडेपांच वर्षांची असते. त्यांत एक वर्ष प्रत्यक्ष उमेदवारीचें. तिच्या प्रवेशासाठीं 'नीट' परीक्षा द्यावी लागते. कृषीची पदवी चार वर्षांची. तिचा प्रवेश आपल्या राज्यांत सीईटी परीक्षेवरून होतो. पशुवैद्यकाच्या पदवींतहि पशु-उत्पादन शिकवितात, परंतु कृषीच्या पदवींत पशुवैद्यक शिकवीत नाहींत. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणें जनावरांवर वैद्यकी करण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या पशुवैद्यासच आहे. सरकारी दवाखान्यांतील पशुधन विकास अधिकाऱ्याची जागाहि पशुवैद्यकाच्या पदवीधरासाठींच असते. ज्यास ती जागा हवी आहे, त्यानें कृषीच्या पदवीचीं चार वर्षें घालविल्यावर ही गोष्ट ऐकणें फार दुःखाचें आहे. ती बारावीपूर्वींच कळली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. कृषि पदवीचा बहुतेक अभ्यास माती, पाणी, पिकें, कीड, रोग व शेतीचा जमाखर्च ह्यांचा असतो. पशुधन व कुक्कुटपालन हा त्यांतील एक भाग होय. ज्यास ह्याच विषयांत पुढें जावयाचें आहे, त्यानें पदवीनंतर पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र हा विषय घेऊन आणखी दोन वर्षांची एम.एस्‌सी. करावी.

२. काय शिकवितात?

पहिला धडा पोटाचा. गाय, म्हैस, शेळी व मेंढी ह्यांच्या पोटास चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्यास रुमेन म्हणतात. त्यांत असंख्य सूक्ष्म जीव राहतात. कडब्याचा जो राठ भाग माणसास पचत नाहीं, तो हे जीव आंबवून पचवितात. म्हणजे गाईस चारा घालणें हें खरें पाहतां ह्या जीवांस पोसणें होय. एवढें कळलें म्हणजे लग्नसराईंत घडणाऱ्या एका अनर्थाचें कारण उमगतें. पंगती उठल्यावर उरलेला भात, पोळ्या व बुंदी, अन्न वाया जाऊं नये म्हणून, गाईपुढें ओततात. एवढें पिष्टमय व गोड अन्न एकदम पोटांत गेल्यानें तेथें आम्ल वाढतें, चारा पचविणारे जीव मरतात, गाय रवंथ सोडते, आणि वेळीं उपचार न झाल्यास दगावते. दयेनें घातलेलें अन्नच तिचा घात करितें.

दुसरा धडा मापाचा. जनावरास किती घालावें हें त्याच्या वजनावर ठरतें. पण गांवांत गाय तोलावयाचा कांटा कोठून आणावा? येथें शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागें छातीचा घेर इंचांत मोजावा. मग खांद्याच्या टोंकापासून शेपटीजवळच्या हाडाच्या टोंकापर्यंत लांबी मोजावी. घेरास घेरानें गुणावें, आलेल्या संख्येस लांबीनें गुणावें, व ६६० नें भागावें. येईल तें अदमासें वजन किलोंत. घेर ६६ इंच व लांबी ६० इंच असली, तर गाय ३९६ किलोंची झाली. सोईसाठीं ४०० म्हणूं.

गाईस रोज आपल्या वजनाच्या शेंकडा अडीच ते तीन भाग शुष्क पदार्थ लागतो. चाऱ्यांतील पाणी वजा जातां जें उरतें तो शुष्क पदार्थ. आपल्या गाईस तो १० ते १२ किलो पाहिजे. हिरव्या मक्यांत त्याचा सुमारें पंचमांश असतो, वाळलेल्या कडब्यांत व खुराकांत दहांतील नऊ भाग. तेव्हां २० किलो हिरव्या मक्यांतून ४ किलो, ५ किलो कडब्यांतून साडेचार, व ३ किलो खुराकांतून २.७, मिळून ११.२ किलो झाला. हें माप जमलें. परंतु जो शेतकरी नुसता ४० किलो हिरवा चारा टाकून "गाईला पोटभर घातलें" म्हणतो, त्यानें खरें पाहतां ८ किलोच घातलें. बाकीचें ३२ किलो पाणी होतें. गाय उपाशी राहते आणि मालक समाधानी असतो. खुराकाचा ठोकताळा असा कीं, गाईच्या शरीरपोषणास एक किलो, आणि पुढें दर अडीच ते तीन लिटर दुधामागें एक किलो.

तिसरा धडा वासराचा. पुष्कळ गांवीं अशी समजूत आहे कीं, गाईची वार पडल्याशिवाय वासरास चीक पाजूं नये. ह्या एका समजुतीनें किती वासरें जातात ह्याची गणती नाहीं. मनुष्याच्या बालकास आईच्या पोटांतच रोगाशीं झगडण्याचें कांहीं बळ मिळतें. वासरास तें मिळत नाहीं. त्यास तें चिकांतूनच मिळावयाचें असतें, आणि तें शोषून घेण्याची वासराच्या आंतड्यांची शक्ति तासातासानें कमी होत जाऊन सुमारें एका दिवसांत संपते. म्हणून वार पडो वा न पडो, जन्मल्यापासून एक-दोन तासांच्या आंत चीक पाजावा, आणि पहिल्या दिवसांत वासराच्या वजनाच्या सुमारें दहावा भाग चीक त्याच्या पोटांत जावा. हा चीक वासराचा हक्क आहे, खरवस मागाहून.

चौथा धडा पैदाशीचा. येथें विद्यार्थी जातिवंत जनावरें ओळखावयास शिकतो. पावसांत टिकणारी डांगी, ओढकामाची खिल्लार, पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी शेळी, ह्यांचे गुण कशांत आहेत व ते कसे राखावे हें त्यास सांगतात. राहुरीच्या विद्यापीठानें गीर, जर्सी व होल्स्टीन ह्या तीन जातींच्या संकरांतून 'फुले त्रिवेणी' गाय तयार केली, ती ह्याच विद्येचें फळ होय. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेचें उदाहरणहि मनन करण्याजोगें आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोंकरूं देते. बंगालमधील लहानशी गरोळ मेंढी जुळीं देते. तिच्यांतील तो गुण देणारा जनुक दख्खनी मेंढींत उतरवून ह्या संस्थेनें 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. परंतु शास्त्र येथें थांबत नाहीं. जुळ्यांच्या आईस चारा अधिक पाहिजे. तो न मिळाला तर दोन्हीं कोंकरें अशक्त निपजतात. नवी जात म्हणजे नवी जबाबदारी, हें विसरूं नये.

३. सर्व विद्येचें मूळ : वही

आतां मुख्य गोष्ट सांगावयाची ती ही. पशु-उत्पादनाच्या शिक्षणाचें सार इंजेक्शनांत नाहीं, यंत्रांत नाहीं. तें वहींत आहे. गाय मेली तर तें सर्व गांव पाहतें; गाईचा माज हुकला तर तें कोणीहि पाहत नाहीं. तरी ह्या न दिसणाऱ्या नुकसानीनेंच गोठा बुडतो.

हिशेब करून पाहूं. गाय सुमारें २८० दिवस गाभण राहते. व्याल्यापासून ८५ दिवसांत ती पुन्हां गाभण राहिली, तर ३६५ दिवसांनीं, म्हणजे वर्षास एक वेत मिळतें. गाईस दर २१ दिवसांनीं माज येतो व तो एक दिवसाच्या आंतबाहेर संपतो. तो रात्रीं येऊन गेला व कोणाच्या ध्यानांत आला नाहीं, तर २१ दिवस गेले. असे तीन माज हुकले कीं ६३ दिवस गेले, आणि वेत लांबलें ४२८ दिवसांवर. घरीं चार गाई असल्या व प्रत्येकीचे तीन माज हुकले, तर एका गाईचे २५२ दिवस फुकट गेल्यासारखें झालें. एवढे दिवस चारा चालूं, मजुरी चालूं, कर्जाचें व्याजहि चालूं. दूध मात्र आटत चाललेलें. कर्ज काढून घेतलेल्या गाईच्या मालकास हा हिशेब कोणी सांगत नाहीं. तो म्हणतो, "धंद्यांत बरकत नाहीं."

ज्याच्या घरीं वही आहे, त्यास गाय व्याल्याची तारीख ठाऊक असते. माज केव्हां आला व पुढचा कोणत्या दिवशीं अपेक्षावा हें तो जाणतो, आणि त्या दिवशीं पहांटे व रात्रीं दोनदां गोठ्यांत जाऊन पाहतो. सकाळीं माज दिसला तर संध्याकाळीं, संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या सकाळीं रेतन करावें, हा नियम तो पाळतो. आठवड्यांतून एकदां प्रत्येक गाईचें दूध मापून तो लिहितो. डेअरींत दुधाचा भाव फॅट व एसएनएफ ह्यांवर ठरतो म्हणून ते आंकडेहि तो उतरून ठेवितो. लाळ्या-खुरकुताची लस केव्हां दिली हेंहि लिहितो. वर्षाच्या शेवटीं कोणती गाय घर चालविते व कोणती घर खाते, हें त्यास डोळ्यांनीं दिसतें.

ही वही लिहावयास पदवी लागत नाहीं. पदवी ती वाचावयास शिकविते, हाच फरक.

४. निवड कशी करावी?

ज्या मुलास वा मुलीस आजारी जनावर पाहून त्यास बरें करावें असें वाटतें, रक्त व जखम ह्यांची भीति नाहीं, आणि साडेपांच वर्षें शिकविण्याची घरची तयारी आहे, त्यानें पशुवैद्यकाची वाट धरावी. ज्यास शेत, चारा, जनावर व बाजार हीं एकत्र पाहावयाचीं आहेत, ज्यास हिशेबाचा कंटाळा नाहीं, त्यानें कृषीची पदवी घ्यावी. तिच्यामागें कृषि खातें, बँका, दुग्धसंघ व पशुखाद्याचे कारखाने येथें काम आहे, आणि घरची शेतीहि आहे. मुलींस हें काम शोभत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं आपल्याच गोठ्याकडे पाहावें. धार कोण काढतें? शेण कोण काढतें? जी रोज करिते तिनें शास्त्र शिकूं नये, हें कोठलें शहाणपण?

ह्या पदवीच्या अखेरच्या वर्षीं विद्यार्थ्यांस ग्रामीण कार्यानुभवासाठीं खेड्यांत पाठवितात. असे विद्यार्थी आपल्या गांवीं आले, तर त्यांस चहा पाजून परत पाठवूं नका. त्यांच्या हातीं टेप द्या, आपली गाय दाखवा, आणि "हिचा आहार मांडून दे बाळा," असें म्हणा. त्यांचें शिक्षण होईल व आपलेंहि होईल.

आतां पुन्हां त्या दिवाळीच्या सकाळीकडे येऊं. पशुवैद्यास बोलवा असें सांगण्यांत त्या मुलानें चूक केली नाहीं. पोट फुगलेल्या गाईस वेळ दवडणें प्राणघातक असतें, आणि जें आपणांस येत नाहीं तें येत नाहीं म्हणणें हा विद्येचाच गुण आहे. त्याचें काम पशुवैद्य येऊन गेल्यावर सुरू होतें. त्यानें शेजाऱ्यास विचारावें, "काका, काल-आज हिनें काय खाल्लें?" शेजारी म्हणेल, "भल्या पहांटे दंव पडलेल्या लसूणघासांत सोडली होती, उपाशीपोटीं." मग मुलानें सांगावें कीं, कोवळ्या ओल्या लसूणघासानें रुमेनमध्यें फेस होतो व वायु कोंडतो, म्हणून आधीं मूठभर नव्हे, चांगला दोन किलो कडबा खाऊं द्यावा, दंव उडूं द्यावें, आणि मग थोडा थोडा घास द्यावा. पशुवैद्यानें ती एक गाय वांचविली. ह्या शब्दांनीं पुढच्या दहा वांचतील. बापाचे पैसे पाण्यांत गेले नाहींत.

घरीं विचार करण्यासाठीं प्रश्न

(१) आपल्या गाई-म्हशींच्या व्याल्याच्या तारखा कोठें लिहिलेल्या आहेत काय?
(२) आपल्या गाईस काल शुष्क पदार्थ किती मिळाला? वरील रीतीनें हिशेब करा.
(३) आपल्या घरीं चीक पाजण्याविषयीं कोणती समजूत आहे? ती वासराच्या हिताची आहे काय?
(४) आपल्या मुलास किंवा मुलीस कोणती वाट आवडते, हें आपण त्यांस विचारिलें आहे काय?