बाळाचं नाव ठेवण्याआधी

चि. सौ. भाचीस,


बाळासाठी हिब्रू नाव शोधते आहेस आणि हाताशी नावांची, एकेका शब्दात अर्थ दिलेली यादी आहे, असं तू लिहिलंस. ती यादी जरा बाजूला ठेव. नाव कोणी ठेवलं, कोणत्या घडीला ठेवलं, हे तोरात वाचल्याखेरीज त्याचा अर्थ हाती लागत नाही.

याकोबाची बायको लेआ, तिचंच घे. याकोबाचं मन दुसऱ्या बायकोवर, राहेलवर. पहिला मुलगा झाला तेव्हा लेआनं त्याला रूबेन म्हटलं. देवानं माझं दुःख पाहिलं, आता तरी नवरा माया करील, हा तिचा भाव. दुसरा शिमोन, देवानं ऐकलं म्हणून. तिसरा लेवी, आता तरी नवरा मला जोडून राहील ही आशा. तीन लेकरांच्या नावांत एका नावडतीची सगळी कैफियत आहे. चौथ्या खेपेला मात्र ती नवऱ्याचं नावच काढत नाही. आता मी परमेश्वराचं स्तवन करीन, म्हणते आणि मुलाला यहूदा म्हणते. आपण यहूदी म्हणवतो ते याच नावावरून. यादीत ‘स्तुती’ एवढंच छापलेलं असेल. मला ते फार अपुरं वाटतं.

नाव म्हणजे विधिलिखित, असंही समजू नकोस. एफ्राथच्या वाटेवर राहेल बाळंतपणात गेली. जाता जाता तिनं मुलाला बेन-ओनी, दुःखाचा मुलगा, म्हटलं. याकोबानं त्याला बन्यामीन, उजव्या हाताचा मुलगा, केलं. मरणाऱ्या बायकोचा शब्द मोडणं त्याला किती जड गेलं असेल! पण ते दुःख लेकराच्या माथी मारणं त्याला मान्य नव्हतं.

व्याकरणही फार ताणू नकोस. देवाकडे मागितला म्हणून शमुवेल, असं त्याची आई हन्ना सांगते. ‘मागणं’ या अर्थाचं हिब्रू क्रियापद खरं तर शौल या नावाशी जुळतं. तरी हन्नाचंच कारण धर. शिलोच्या देवस्थानात ती रडून काय मागत होती, ते त्यात आहे.

नाव घरच्या तोंडी मराठी झालं तर संकोच नको. १७९६ साली मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग उभारणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर सामाजी हसाजी म्हणूनही ओळखले जात.

मुलगा झाला तर नाव सुंतेच्या वेळी, आठव्या दिवशी, घाई नाही. तोवर उत्पत्ती या ग्रंथाचे २९ आणि ३० हे अध्याय दोघं मिळून वाचा. मुलगी झाली तर माझ्या मनात दबोरा आहे. अर्थ नुसता मधमाशी, पण खजुरीच्या झाडाखाली बसून इस्राएलचा न्याय करणारी बाई ती. जावईबापूंना विचारून कळव.

तुझा,
मामा