छप्पर उघडणारे चौघे

अभ्यासपाठ
शास्त्रभाग : मार्क 2:1-12



कफर्णहूमातील पक्षघाती मनुष्याची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलो आहोत. प्रभू येशू घरी आहे हे कळताच लोकांची एवढी गर्दी झाली की दाराशीही जागा उरली नाही. चौघांनी एका आजारी माणसाला बाजेवर घालून आणले, वाट मिळाली नाही म्हणून छप्पर उघडले आणि बाज खाली सोडली. या पाठावर बहुतेक वेळा विश्वास आणि पापक्षमा यांवर मनन होते, आणि ते योग्यच आहे. या वेळी मात्र आपण त्या दाराकडे आणि छपराकडे पाहू. आरोग्य, शिक्षण आणि सर्वांना सामावून घेण्याचे काम करणाऱ्या मंडळीला त्यातून बरेच शिकायला मिळते.

1. दाराशी गर्दी कोणाची होती?

दार अडवणारे लोक वाईट नव्हते. ते वचन ऐकायलाच आले होते. फक्त त्यांची तोंडे आत होती आणि पाठ बाहेर. म्हणून मागे कोणी बाज घेऊन उभे आहे हे त्यांना दिसलेच नाही.

मला हे उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी सरावलीत आम्ही रविवारच्या उपासनेनंतर आमच्या हॉलमध्ये मोफत आरोग्य शिबिर घेतले. डॉक्टर आले, औषधे वाटली, रजिस्टर भरले, फोटो निघाले. रात्री रजिस्टर वाचताना लक्षात आले की त्यातली बहुतेक नावे चाळींतली आणि कॉलनीतली होती. ज्या वारली पाड्यासाठी आम्ही हे सारे केले, तिथून जेमतेम चारपाच जण आले होते.

पाड्यावरच्या एका मावशींना विचारले, तर त्या हसून म्हणाल्या, "ताई, सकाळी सातला आम्ही नाक्यावर उभ्या असतो. खाडा केला तर संध्याकाळी चूल कशाने पेटवू? आणि तुमच्या हॉलात आम्हाला कोण ओळखतं?"

वेळ आमच्या सोयीची होती, जागा आमची होती आणि बोलीही आमचीच होती. दार उघडे ठेवले म्हणून आम्ही समाधानी होतो. त्या दारात आम्हीच उभे होतो.

2. ते चौघे कोण होते?

शुभवर्तमानात त्यांची नावे नाहीत. ते त्या आजारी माणसाच्या जवळचे असावेत, कारण तो कुठे पडून आहे हे त्यांना ठाऊक होते. प्रभूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असे मार्क लिहितो. शब्द अनेकवचनी आहे.

शिबिरानंतर दोनतीन आठवड्यांनी त्याच पाड्यावर एक दीड वर्षाची मुलगी फार खालावलेली आढळली. आमच्या शिबिरात ती आलीच नव्हती. शेजारच्या आजीने आशाताईंना बोलावले. ताईंनी दंडाला पट्टी लावली, तर ती लाल रंगावर आली. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण समजतात. बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायला हवे होते आणि आईनेही दोन आठवडे तिथे राहायला हवे होते. आई म्हणाली, "घरी आणखी दोन आहेत. त्यांना कोण बघेल?" बुडीत मजुरी मिळते, पण ती नंतर. चूल आजच पेटवायची असते.

तेव्हा आजीने त्या दोघांना आपल्या घरी ठेवले. पाड्यावरचा रिक्षावाला मुलगा भाडे न घेता त्यांना केंद्रात घेऊन गेला. आशाताई भरतीच्या वेळी सोबत राहिल्या. आमच्या मंडळीने घरी दोन आठवड्यांचा शिधा पोचवला. त्या बाजेचे तीन कोपरे पाड्याने उचलले होते. आमच्या हाती एकच होता, आणि तोही शेवटी आला.

मुलगी सावरली. तरीही आमच्या शिबिराच्या दिवशी ती हॉलपासून पायी अर्ध्या तासावर होती, हे मला विसरता येत नाही.

3. जामखेडचा धडा

आपल्या महाराष्ट्रातच हा धडा फार आधी शिकून झाला आहे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य 1970 साली अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आले. त्याआधी मिशन दवाखान्यात काम करताना त्यांनी पाहिले होते की बरे होऊन गेलेले मूल काही महिन्यांत त्याच दुखण्याने परत येते. दुखण्याचे मूळ गावात होते, म्हणून दवाखान्यात बसून ते सुटणार नव्हते.

त्यांनी आधी प्रशिक्षित नर्सबाईंना गावात ठेवून पाहिले, पण ते फारसे जमले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेले गावात जाऊन सांगत. बाळाचे वजन करणे, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी देणे, सुरक्षित बाळंतपण, कुष्ठरोगाची लवकर ओळख ही कामे त्यांनी हाती घेतली. सुरुवातीला त्या भागात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी सुमारे 176 वर्षाच्या आत दगावत. 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण तिसाच्या खाली आले. या कामासाठी 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे 2005 पासून देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या जाऊ लागल्या, त्याची वाट अशाच कामांनी तयार केली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दुष्काळात कूपनलिका खोदताना त्यांनी दलित वस्तीतली जागा निवडण्याचा आग्रह धरला. पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले. समतेवर भाषण न करता त्यांनी दाराची दिशाच बदलली.

4. छप्पर उघडले की माती पडते

छप्पर उघडताना खाली बसलेल्यांच्या अंगावर माती पडली असेल. पावसाळ्याआधी घर शाकारताना काय धुरळा उडतो, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. घरधन्याला नंतर दुरुस्तीही करावी लागली असेल.

आमच्याकडेही माती पडली. आता तपासणी पाड्यावरच्या अंगणात, संध्याकाळी सातनंतर होते. आशाताई आणि अंगणवाडीताईंना विचारून दिवस ठरतो. रजिस्टर पाड्यावरचीच दहावी झालेली मुलगी लिहिते. अभ्यासवर्गही तिथेच भरतो. लहान मुलांना धडा आधी वारलीत समजावतो आणि मग पुस्तकातल्या मराठीकडे वळतो, कारण घरी न ऐकलेल्या भाषेत पहिलीचे मूल गप्प बसते आणि आपण त्याला मठ्ठ म्हणतो.

मंडळीतल्या काही जणांनी विचारले, "हॉल रिकामा आणि खर्च पाड्यावर, असे का?" काहींनी विचारले, "यातले किती जण उपासनेला येतात?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच पाठात आहे. प्रभूने त्या माणसाला उठवले, बाज उचलायला सांगितले आणि त्याच्या घरी पाठवले. आपल्या मागे येण्याची अट घातली नाही. शिध्याच्या पिशवीत आम्हीही दुसरे काही ठेवले नाही. सेवेला किंमत लावली की तिला सेवा म्हणता येत नाही.

5. बाज आता कोणाच्या हाती?

ज्या बाजेने त्याला आणले, तीच त्याने उचलली. त्या मुलीची आई आता तपासणीच्या संध्याकाळी वजनकाट्याशी उभी असते. लाजणाऱ्या आयांना तीच हाताला धरून पुढे आणते. आमच्यापैकी कोणाचे ऐकले नसते, ते तिचे ऐकतात.

विचारासाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीच्या कार्यक्रमाची वेळ, जागा आणि भाषा कोणाच्या सोयीची आहे?
2. आपल्या जवळच्या पाड्यावर बाज उचलणारे आधीपासून कोण आहेत? त्यांना आपण नावाने ओळखतो का?
3. कोणते छप्पर उघडायला आपण कचरतो, आणि दुरुस्तीचा खर्च कोण देईल?

प्रार्थना

हे प्रभू, दारात पाठ करून उभे असताना आम्हाला मागे वळून पाहायला शिकव. बाजेचा एक कोपरा आमच्याही हाती दे, आणि बाकीचे कोपरे धरणाऱ्यांचा मान राखण्याची बुद्धी दे. आमेन.