एक्सेलचा मदतनीस

मुलांनो, एक्सेल हा हिशेबाचे तक्ते करणारा प्रोग्रॅम आहे. त्याला जोडलेला छोटा मदतनीस म्हणजे ‘अ‍ॅड-इन’.

समजा, गुणांवरून श्रेणी काढण्याची रीत अ‍ॅड-इनमध्ये आहे आणि निकालपत्रे दुसरा प्रोग्रॅम छापतो. त्यातही ती रीत वेगळी लिहावी का? नाही. उद्या एकीकडेच नियम बदलला, तर एकाच मुलाला दोन श्रेणी मिळतील. म्हणून तो प्रोग्रॅम एक्सेल सुरू करतो, ‘रन’ या आज्ञेबरोबर रीतीचे नाव व गुण पाठवतो आणि उत्तर घेतो.

लक्षात ठेवा, आपण एक्सेल उघडले, तर निवडलेले अ‍ॅड-इन आपोआप येते. दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडले, तर येत नाही. म्हणून आधी अ‍ॅड-इनची फाईल उघडावी, मगच हाक मारावी.

शब्दार्थ : मदतनीस – मदत करणारा, रीत – पद्धत

स्वाध्याय : अ‍ॅड-इनची फाईल आधी का उघडावी?